जनुक कोणतं, ते आधी विचारा

दर काही महिन्यांनी आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. परदेशातल्या दवाखान्यात एका बाळाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि पुढच्या दृश्यात ते बाळ खेळण्यामागे दुडदुडत जातं. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, "जन्मांध मुलांना दृष्टी मिळाली, शेअर करा." संध्याकाळ झाली की मला फोन सुरू होतात. "मॅडम, आपल्या पोराला मिळंल का हे?"

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात फिरती विशेष शिक्षिका आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या बाजूला जी दृष्टिहीन मुलं गावच्याच शाळेत शिकतात, त्यांच्याकडे जाऊन मी त्यांना ब्रेल, अबॅकस आणि पांढरी काठी घेऊन चालणं शिकवते. मी डॉक्टर नाही. पण हे आईबाप डॉक्टरांना वर्षातून एकदा भेटतात आणि मला दर पंधरवड्याला. त्यांना काहीतरी नीट सांगता यावं म्हणून मी या विषयावर वाचत गेले, डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठून विचारत गेले. त्या फोनवर जे घाईत सांगते, ते आज सविस्तर लिहिते.

"मिळंल का?" असं कुणी विचारलं की मी आधी फाईल बघायला मागते. फाईलमध्ये बहुतेक वेळा एवढंच सापडतं: दोन्ही डोळे, जन्मतः अंधत्व, शंभर टक्के. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तेवढं पुरतं, एसटीच्या पाससाठी आणि शिष्यवृत्तीसाठीही पुरतं. उपचारासाठी मात्र ती ओळ काहीच सांगत नाही. तिथे पहिला प्रश्न असतो, बिघाड कोणत्या जनुकात आहे?

लेबर नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८६९ मध्ये एका आजाराचं वर्णन केलं. मूल जन्मतःच किंवा पहिल्या काही महिन्यांतच दृष्टी गमावतं, पण डोळा बाहेरून चांगला दिसतो. मोतीबिंदू नाही, बुबुळावर फूल नाही. आई सांगते, बाळ नजर देत नाही, डोळं सारखं हलतंय. थोडं मोठं झालं की मूल अंगठ्याने किंवा मुठीने डोळे दाबत बसतं. माझ्या कितीतरी मुलांना मी तसं बसलेलं पाहिलंय आणि घरचे त्यांच्या हातावर चापट मारतात तेही पाहिलंय. (मारू नका. हाताला काम द्या, माती द्या, कणकेचा गोळा द्या.) मग ई.आर.जी. नावाची तपासणी होते, प्रकाश पडल्यावर डोळ्याचा पडदा विजेचा संदेश उठवतो का ते त्यात बघतात. या मुलांची रेघ जवळजवळ सपाट येते. 'लेबर जन्मजात अंधत्व' हे त्या आजाराचं नाव, डॉक्टर एल.सी.ए. म्हणतात.

नाव एक असलं तरी आत आजार अनेक आहेत. आजवर पंचवीसहून अधिक जनुकं सापडली आहेत आणि त्यांतलं कुठलंही एक बिघडलं की हा आजार होऊ शकतो. त्यांपैकी एकाच जनुकावर आज मान्यताप्राप्त औषध आहे. त्याचं नाव आर.पी.ई.६५, आणि एल.सी.ए. असलेल्या मुलांमध्ये या जनुकाचा वाटा जेमतेम पाच-दहा टक्के.

या जनुकाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण त्यात अंगणवाडीचा एक प्रश्न अडकलाय. आपल्याकडे बाळ नऊ महिन्यांचं झालं की 'अ' जीवनसत्त्वाचा डोस सुरू होतो. मूल आंधळं आहे म्हटलं की आई हमखास विचारते, "माझ्याकडनं डोस चुकला म्हणून झालं का?" काही घरांत पोराला रोज गाजराचा रस पाजत असतात. डोळ्याच्या पडद्याला दिसण्यासाठी 'अ' जीवनसत्त्व लागतं हे खरंच आहे. पण पोटातून आलेलं जीवनसत्त्व डोळा जसंच्या तसं वापरत नाही. पडद्यामागच्या पेशींत त्याचं एका खास रूपात रूपांतर व्हावं लागतं, आणि ते काम आर.पी.ई.६५ या जनुकापासून बनणारं प्रथिन करतं. घरात गव्हाची पोती भरलेली आहेत, पण गावातली गिरणीच बंद आहे, अशी ही अवस्था. आणखी गहू आणून भाकरी-चपाती होणार नाही. अशा मुलांना अंधार पडला की अजिबात दिसत नाही, म्हणून ती उजेडाकडे ओढली जातात, बल्बकडे टक लावून बघत राहतात. आयांनो, तुमचा डोस चुकलेला नव्हता. आणि चुकला असता तरी हे त्यामुळे झालेलं नाही.

ही गिरणी पुन्हा चालू करण्याची पहिली खात्री कुत्र्यांत पटली. ब्रियार्ड जातीच्या काही मेंढपाळी कुत्र्यांत नेमकं हेच जनुक बिघडलेलं असतं आणि ती पिल्लं आंधळी जन्मतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जीन बेनेट आणि त्यांचे पती, शल्यचिकित्सक अल्बर्ट मॅग्वायर, तसंच ग्रेगरी ॲकलंड, गुस्ताव्हो अगिरे, सॅम्युअल जेकबसन, विल्यम हॉसवर्थ अशा बऱ्याच जणांनी मिळून २००१ मध्ये दाखवलं की चांगल्या जनुकाची प्रत डोळ्यात पोहोचवली तर या कुत्र्यांना दिसू लागतं. बेनेट-मॅग्वायर जोडप्याने उपचार झालेली दोन कुत्री, मर्क्युरी आणि व्हीनस, पुढे स्वतःच्या घरीच आणली. हे वाचल्यापासून मला त्या दोघांबद्दल फार आपुलकी वाटते.

तरीही माणसापर्यंत यायला आणखी काही वर्षं गेली. १९९९ मध्ये त्याच विद्यापीठातल्या, यकृताच्या एका वेगळ्या आजारावरच्या जनुक उपचाराच्या चाचणीत अठरा वर्षांचा एक मुलगा दगावला होता, त्यामुळे सगळीकडेच पावलं जपून पडत होती. २००७ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयात आणि अमेरिकेत पहिल्या रुग्णांवर उपचार झाले आणि २००८ मध्ये त्यांचे निकाल छापून आले. मग मोठी चाचणी झाली. १९ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'लक्सटर्ना' या औषधाला मान्यता दिली. वारशाने आलेल्या आजारावर, थेट शरीरात द्यायचा जनुक उपचार तिथे मंजूर होण्याची ही पहिलीच वेळ.

औषध डोळ्यात टाकायचा थेंब नाही आणि दंडात द्यायचं इंजेक्शनही नाही. भूल देऊन, डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून, केसासारख्या बारीक नळीतून पडद्याच्या खाली ०.३ मिलिलीटर औषध सोडतात. त्या थेंबाएवढ्या औषधात एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साधारण १५० अब्ज प्रती असतात, आणि प्रत्येकीच्या पोटात आर.पी.ई.६५चं चांगलं जनुक. एक डोळा झाला की किमान सहा दिवसांनी दुसरा. सूज येऊ नये म्हणून आधीपासून स्टिरॉइडच्या गोळ्या.

आता मला ज्या भागाबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय तिथे येते. औषधाचा उपयोग झाला हे मोजायचं कसं? डॉक्टरांकडे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता असतो. पण आमच्या मुलांचं आयुष्य त्या तक्त्यावर मावत नाही. माझ्याकडे एक मुलगा आहे, दुपारी उन्हात शाळेच्या पटांगणात कुणाचाही हात न धरता पळतो. दिवेलागण झाली की त्याच मुलाला स्वतःच्या ओसरीवरून खाली उतरायला भिंत चाचपावी लागते. तक्त्यावर त्याची नोंद दोन्ही वेळा सारखीच होईल.

म्हणून लक्सटर्ना तपासणाऱ्या चमूने एक चालण्याची परीक्षा बनवली. जमिनीवर बाण काढलेला वळणावळणाचा छोटा मार्ग, त्यात अडथळे, उंचवटे, मध्येच ओलांडायच्या वस्तू. मुलाने पाठ करून चालू नये म्हणून मार्गाच्या बारा वेगवेगळ्या मांडण्या. आणि हाच मार्ग सात वेगवेगळ्या उजेडांत चालायचा, भरपूर दिवे लावलेल्या ऑफिसाएवढ्या ४०० लक्सपासून ते रात्रीच्या मिणमिणत्या दिव्याएवढ्या १ लक्सपर्यंत. चालण्याचं चित्रीकरण होतं आणि कुणाला उपचार मिळालाय हे ज्यांना माहीत नाही अशी माणसं गुण देतात. मोठ्या चाचणीत वर्षभराने उपचार मिळालेल्या २० जणांपैकी १३ जण सगळ्यात मंद उजेडातला मार्ग पार करू शकले. उपचार न मिळालेल्या गटातलं कुणीही करू शकलं नाही. अक्षरांच्या तक्त्यावरची सुधारणा मात्र ठामपणे सिद्ध करण्याइतकी नव्हती.

हे वाचलं तेव्हा मी उठून उभी राहिले होते. चालणं शिकवणारी माणसं ज्याला दृष्टी म्हणतात, ती एका औषधाच्या मान्यतेचं प्रमाण ठरली होती. दिवस मावळल्यावर मूल एकटं शेजारच्या घरी जाऊ शकतं का, ताटातली भाजी कुठे आहे ते कळतं का, आईचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते दिसतं का, यात त्या पोराचं सगळं बालपण असतं. पालकांनीही डॉक्टरांना सांगताना हेच सांगावं. "दिसत नाही" एवढंच सांगू नका. कुठल्या उजेडात काय जमतं आणि काय जमत नाही, ते लिहून न्या.

औषधाच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. जे जनुक दिलं ते जिवंत पेशींतच काम करतं. मेलेली पेशी परत येत नाही. मूरफील्ड्सच्या आणि जेकबसन यांच्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी काहींची सुधारलेली दृष्टी काही वर्षांनी पुन्हा उतरू लागल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. लक्सटर्नाच्या चाचणीतल्या रुग्णांचा फायदा पुढची अनेक वर्षं टिकलेला दिसतो, पण काहींच्या पडद्यावर विरळ झालेले पट्टे आढळले आहेत. व्हिडिओत यातलं काही नसतं.

ग्रुपवर फिरतो तो लंडनचा व्हिडिओ बहुतेक वेळा एका वेगळ्याच जनुकाचा असतो, ए.आय.पी.एल.१. हा फार उग्र प्रकार, या मुलांना जन्मापासून फक्त उजेड-अंधार कळतो आणि पडदा पहिल्या काही वर्षांतच खचतो. मूरफील्ड्स आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या डॉक्टरांनी चार अगदी लहान मुलांच्या एकेका डोळ्यात हा उपचार केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निकाल आले. उपचार केलेल्या डोळ्याने मुलांना आकार, वस्तू दिसू लागल्या, दुसऱ्या डोळ्याची दृष्टी गेली. मुलं एक ते तीन वर्षांच्या आतली होती. म्हणजे ज्यांच्या जनुकाचं नाव वर्षा-दोन वर्षांच्या आत कळलं, त्यांनाच ती संधी मिळाली. आपल्याकडे पहिली दोन वर्षं "वाढेल तसं दिसंल" म्हणण्यात जातात.

जी.यू.सी.वाय.२डी. या जनुकावरच्या उपचाराचे सुरुवातीचे निकाल २०२४ मध्ये आले आणि ते चांगले आहेत. सी.ई.पी.२९० हे जनुक इतकं मोठं आहे की त्या विषाणूत मावतच नाही, म्हणून तिथे क्रिस्पर या जनुकात काटछाट करणाऱ्या तंत्राने डोळ्याच्या आतच दुरुस्ती करून बघितली. पहिला रुग्ण २०२० मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये. १४ पैकी ११ जणांत काही ना काही सुधारणा दिसली. पण ज्या विशिष्ट बिघाडावर ते औषध चालतं तो असलेली माणसं फार थोडी, म्हणून कंपनीने २०२२ मध्येच नवे रुग्ण घेणं थांबवलं होतं. विज्ञान चाललं आणि धंदा चालला नाही म्हणून मुलं अडकतात, याचा मला मनापासून राग येतो.

किंमत. लक्सटर्ना बाजारात आलं तेव्हा एका डोळ्याचे ४ लाख २५ हजार डॉलर, दोन्हींचे ८ लाख ५० हजार. तेव्हाच्या दराने साडेपाच कोटींच्या आसपास. आपल्या दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात मदतीची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे. हे अंतर कुठल्याही बापाने शेत विकून किंवा गावात वर्गणी काढून भरून निघणारं नाही आणि त्याने तसा प्रयत्नही करू नये. इंग्लंडमध्ये पात्र मुलांचा खर्च सरकारी आरोग्यसेवा उचलते. आपल्याकडे हा उपचार इथेच बनला पाहिजे, आणि ते अशक्य नाही. मुंबईच्या आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियलने मिळून रक्ताच्या कर्करोगावर पेशींचं जनुक बदलणारा उपचार तयार केला. २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि परदेशी उपचाराच्या तुलनेत तो कितीतरी स्वस्त आहे. डोळ्याच्या बाबतीत तसं घडायचं तर आधी कळायला हवं की आपल्याकडच्या मुलांत कोणतं जनुक किती जणांत बिघडलंय. ते फायलींवर लिहिलेलंच नसेल तर मोजणार कोण?

तर मग जनुकाची चाचणी. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, बंगळुरूचं नारायण नेत्रालय या संस्थांत पडद्याच्या आनुवंशिक आजारांवर बरंच काम होतं. दर वेळी तिथवर जावं लागतं असंही नाही, रक्ताचा नमुना आपल्या शहरातूनही पाठवता येतो. आईवडिलांचंही रक्त द्यावं लागतं. अहवाल आला की तो समजावून सांगणारा जनुकीय समुपदेशक भेटल्याशिवाय परत येऊ नका, कारण त्या कागदातलं एक वाक्यही आपल्याला एकट्याने उलगडत नाही.

औषध नसलं तरी त्या कागदाचा काय उपयोग, असं एका डॉक्टरांनीच मला विचारलं होतं. त्यांना मी जतकडच्या एका घराबद्दल सांगितलं. त्या घरात मुलगी झाली तेव्हापासून सुनेला एकच बोल ऐकायला लागायचा, गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, विळीवर भाजी चिरली. नवरा तिचा सख्खा आतेभाऊ. आमच्या भागात आते-मामे भावंडांची लग्नं रीतीचीच आहेत. अहवालात आलं ते जनुक औषध असलेलं नव्हतं. पण समुपदेशक बाईंनी कागदावर दोन्ही घरांची झाडं काढून दाखवली. बिघडलेली एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून, दोघंही स्वतः धडधाकट, आणि दोन्ही प्रती एकाच आजोबांच्या घरातून आलेल्या असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आमच्या अंगातनं बी आलंय?" बाई म्हणाल्या, "हो आजी, पण दोष कुणाचाच नाही." सुनेने तो कागद जतच्या बाजारात लॅमिनेट करून आणला. धाकट्या दिराचं लग्न ठरताना घरातच ठरलं की मामाची मुलगी करायची नाही, आधी विचारून घ्यायचं. इतकं सगळं त्या कागदाने केलं.

आणि चाचणीच्या, उपचाराच्या वाटेवर असताना ब्रेल थांबवू नका. हे मी हात जोडून सांगते. "आता औषध येणारच आहे, मग ठिपके कशाला?" असं म्हणून एका घरात पोराची ब्रेल पाटी माळ्यावर गेली होती. ज्या मुलांना उपचार मिळाला तीही बहुतेक कमी दृष्टीचीच राहतात, त्यांनाही मोठी अक्षरं, काठी, कधी ब्रेल लागतंच. सहाव्या वर्षी बोटांना जे वळण लागतं ते बाराव्या वर्षी लावायला फार कष्ट पडतात.

फोनवर शेवटी सगळे एकच विचारतात. "पोरगं आता नऊ वर्षांचं झालं, आता काय उपयोग हाय का?" ए.आय.पी.एल.१सारख्या प्रकारात उशीर खरंच महागात पडतो. पण आर.पी.ई.६५च्या मोठ्या चाचणीत ४ वर्षांच्या मुलापासून ४४ वर्षांच्या माणसापर्यंत सगळे होते. तिथे वयापेक्षा पडद्यात जिवंत पेशी किती उरल्यात ते बघितलं जातं, आणि ते ओ.सी.टी. नावाच्या, न दुखणाऱ्या तपासणीत दिसतं. डोळे फार हलत असले तर ती तपासणी करायला वेळ लागतो, मूल कंटाळतं, म्हणून सकाळची वेळ घ्या, पोट भरून न्या. आणि अहवाल हातात आला की जनुकाचं नाव दिव्यांग प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर पेनाने लिहून ठेवा, म्हणजे फोनवर मला लगेच सांगता येईल.